चिनी राशींचे चिनी मातीचे गल्ले : आधी तळ बघा, तोंड नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंगापूरला बरीच वर्षं राहून नाशिकला परतलेल्या काकांच्या सामानात चिनी मातीचे नऊ गल्ले निघाले. उंदीर, वाघ, ससा, घोडा, माकड, कुत्रा, दोन डुकरं (त्यातलं एक तपकिरी, अंगावर पट्टे असलेलं) आणि एक मांजर. काही खोक्यांत आहेत, काही नुसतेच वर्तमानपत्रात गुंडाळलेले. दोघांची बुचं चिकट झालीत. एकाला बूचच नाही आणि आत नाणी वाजतात. विचारणं असं, की बाराचा संच पूर्ण करावा का, ड्रॅगन कुठून आणावा, आणि विकायचे झाले तर काय येईल?

माझी अर्धी नोकरी सिरॅमिकच्या कारखान्यात साच्यांच्या खात्यात गेली. आता फुटक्या चिनी मातीची दुरुस्ती आणि असल्या शोभेच्या वस्तूंची पारख, एवढंच करते. तेव्हा आधी दोन गोष्टी स्पष्ट सांगते. नाणी काढायला म्हणून काहीही फोडू नका. आणि ड्रॅगनची ऑर्डर आज रात्री देऊ नका. बाकी सावकाश बोलू.

पहिलं काम म्हणजे नऊ जणांची पांगापांग. हा एक संच नाहीच. चिनी राशींत दर वर्षाला एक असे बारा प्राणी, त्यांत मांजर नाही. मांजर आहे ते व्हिएतनामी चक्रात, सशाच्या जागी. २०२३ हे चीनमध्ये सशाचं वर्ष होतं, व्हिएतनाममध्ये मांजराचं. पण तुमच्या मांजराचा एक पंजा वर असेल आणि दुसऱ्या पंज्यात लांबट सोनेरी नाणं असेल, तर त्याचा राशीशी संबंध नाही. ते जपानी ‘मानेकी नेको’, दुकानात गिऱ्हाईक बोलावणारं मांजर. हे सर्वांत जास्त बनतं ते आइची प्रांतातल्या तोकोनामे गावात. गुबगुबीत अंग, मोठं डोकं ही तोकोनामेची चाल. त्याच प्रांतातल्या सेतो गावचं मांजर अंगानं सडपातळ असतं.

पट्ट्यांचं डुक्कर हाही जपानीच पाहुणा. चीनमध्ये बारावं वर्ष पाळीव डुकराचं, जपानमध्ये ते रानडुकराचं. पाठीवर डोक्याकडून शेपटीकडे जाणारे पट्टे म्हणजे रानडुकराचं पिल्लू. म्हणजे काकांनी ते जपानला गेल्यावर घेतलं असेल किंवा कुणा जपानी सहकाऱ्यानं भेट दिलं असेल. हे दोन वेगळे ठेवा. उरले सात, आणि त्यांच्यात बैल, ड्रॅगन, साप, बोकड, कोंबडा हे पाच नाहीत.

आता सातही जण जाड टॉवेलवर उलटे करा. नवशिका चेहरा बघतो, डोळे किती गोड काढलेत ते बघतो. पारखणारा तळ बघतो.

तळ का, ते कळायला हे गल्ले होतात कसे ते माहीत हवं. यांची माती चाकावर चढत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसचा दोन किंवा जास्त भागांचा साचा असतो. त्यात पातळ केलेली माती, म्हणजे स्लिप, काठोकाठ ओततात. प्लास्टर पाणी शोषून घेतं आणि साच्याच्या भिंतीला मातीचा थर धरत जातो. तो तीन-चार मिलिमीटर झाला की उरलेली स्लिप ज्या भोकातून ओतली त्याच भोकातून परत ओतून टाकतात. बहुतेक गल्ल्यांत हे ओतायचं भोक तळाला असतं आणि पुढे त्यालाच बूच लागतं. माल साच्यातून निघतो तेव्हा हाताला घट्ट पण सुरीला मऊ असतो. त्याच अवस्थेत जोडावरची शीर खरवडून काढायची, ओल्या स्पंजनं पुसायची, आणि पाठीवर नाण्याची खाच कापायची. मग सुकवणं, बिस्किट म्हणजे पहिली भाजणी, ग्लेझ म्हणजे वरचा काचेसारखा लेप, पुन्हा भट्टी. सोनेरी काम आणि चकचकीत लाल रंग असेल तर त्यासाठी कमी आचेची आणखी एक भाजणी, साधारण ७५० ते ८५० अंशांची.

आता हेच तुमच्या हातातल्या वाघावर बघा. कानामागून खांद्यावर उतरणारी एक अगदी पुसट रेघ दिसेल. तो साच्याचा जोड. ती बोटाला लागली नाही तर खरवडणारा हात चांगला होता. खाचेच्या कडा आतून बघा. ग्लेझ आत उतरून कडा गोल झाली असेल तर खाच भाजण्याआधी नीट पुसलेली आहे. कडा धारदार असेल तर घाईचा माल. तळाच्या कडेला ग्लेझ नसलेलं पांढरं किंवा मळकट कडं असायला हवं, कारण ग्लेझ लावलेला तळ भट्टीतल्या फळीला चिकटून बसतो. तळालाही ग्लेझ असेल तर तीन छोटे ठिपके शोधा. माल तिकाटण्यावर, म्हणजे तीन टोकांच्या टेकूवर, ठेवून भाजल्याच्या त्या खुणा असतात. बघणाऱ्याला दोष वाटतात, पण दोष नव्हेत.

आणि तळाला हिरवी किंवा लाल मखमल चिकटवलेली असेल तर सावध. राशींच्या गल्ल्यांत ‘सिरॅमिक’ म्हणून पुष्कळदा रेझिन, म्हणजे प्लास्टिकच्या जातीचं ओतीव द्रव्य, खपवलं जातं. रेझिन हाताला लगेच कोमट लागतं. चिनी माती थंडच राहते. नखानं टिचकी मारली तर रेझिन प्लास्टिकसारखं वाजतं. नक्षी फार बारीक, अंगावरचे खवले न् खवले सुटे दिसतात. मातीवर ग्लेझ चढलं की इतकी बारीक नक्षी जरा बुजते. रेझिनचा गल्ला वाईट नव्हे. पण जमवणाऱ्यांच्या बाजारात त्याचं नाव वेगळं आणि भाव वेगळा.

आता वय. प्राण्यावरून वय कळत नाही, कारण प्राणी दर बारा वर्षांनी परत येतो. तुमचा घोडा १९९०चा, २००२चा, २०१४चा किंवा २०२६चा असू शकतो. उंदीर १९९६, २००८, २०२०. कागदावर नुसत्या प्राण्याऐवजी चिनी पंचतत्त्वांपैकी (लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी) एखादं तत्त्वही दिलं असेल तर काम सोपं होतं. चिनी चक्र दहा आणि बाराच्या जोडीनं चालतं, म्हणून तत्त्व आणि प्राणी मिळून तेच नाव साठ वर्षांनीच येतं. ‘अग्नी-घोडा’ लिहिलं असेल तर १९६६ किंवा २०२६, तिसरं नाही. (जपानमध्ये या अग्नी-घोड्याची इतकी धास्ती, की १९६६ साली तिथले जन्म आदल्या वर्षीच्या अठरा लाखांवरून साडेतेरा लाखांच्या घरात आले. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला जड जाते अशी समजूत. मंगळाच्या मुलीचं लग्न जमवणाऱ्या आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही.)

साठ वर्षं म्हटल्यावर प्रभव-विभव आठवलं असेलच. आपल्या संवत्सरांचं चक्रही साठाचंच. महिन्यांची रीतही ओळखीची: ज्या चांद्रमासात संक्रांत येत नाही तो आपला अधिक मास, आणि चिनी पंचांगातही जवळपास हाच नियम. त्यामुळे चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान सरकत राहतं आणि आपल्या पौष किंवा माघ अमावास्येच्या आसपास पडतं. २०२४ला ते १० फेब्रुवारीला होतं, २०२५ला २९ जानेवारीला, २०२६ला १७ फेब्रुवारीला. जपाननं मात्र १८७३पासून इंग्रजी कॅलेंडर घेतलं, त्यामुळे तिथला प्राणी १ जानेवारीला बदलतो. याचा उपयोग असा, की जपानी गल्ल्याच्या खोक्यावरचं साल डोळे मिटून मानता येतं. चिनी-सिंगापुरी खोक्यावर जानेवारीची तारीख असेल तर तो आदल्या प्राण्याच्या वर्षातही पडू शकतो.

वय ठरवायला सगळ्यांत भरवशाचा पुरावा म्हणजे बँका आणि टेलिफोन. सिंगापूर, हाँगकाँग, जपान इथल्या बँका गिऱ्हाइकांना, विशेषतः मुलांना, गल्ले वाटत आल्या. आणि बँका एकमेकींत विलीन होत आल्या. हाँगकाँगमध्ये बँक ऑफ चायना गटातल्या बँका १ ऑक्टोबर २००१ला एक झाल्या. सिंगापूरची पोस्ट ऑफिस सेव्हिंग्ज बँक, म्हणजे पीओएसबी, १९९८ला डीबीएस बँकेकडे गेली, पण पीओएसबी हे नाव पुढेही चालू राहिलं, म्हणून नुसत्या त्या नावावरून वय ठरवू नका. जपानच्या सुमितोमो आणि साकुरा बँका २००१ला एकत्र आल्या. फुजी बँकेचं नाव २००२नंतर उरलं नाही. म्हणजे तळावर किंवा खोक्यावर बंद झालेलं जुनं नाव दिसलं की गल्ला त्या सालानंतरचा नाही हे कळलं. खोक्यावर सिंगापूरचा फोन नंबर सात आकडी असेल तर तो मार्च २००२च्या आधीचा; त्यानंतर पुढे सहाचा आकडा लागून आठ आकडी झाले. वेबसाइटचा पत्ता छापला असेल तर नव्वदच्या दशकाच्या मध्याआधीचा असणं कठीण. मी सर्टिफिकेटपेक्षा या बारीक छपाईवर जास्त विश्वास ठेवते. सर्टिफिकेट कोणीही छापतो. जुना फोन नंबर मुद्दाम छापायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

देशाचं नावही बोलकं असतं. अमेरिकेत १८९१पासून आयात मालावर देशाचं नाव घालणं बंधनकारक झालं. जपानी माल आधी ‘निप्पॉन’ लिहून जायचा. १९२१ला अमेरिकी कस्टमनं ते चालणार नाही, इंग्रजीत ‘जपान’च हवं असं ठरवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘ऑक्युपाइड जपान’, म्हणजे परक्यांच्या ताब्यातला जपान, असा शिक्का आला आणि तो ताबा १९५२ला संपला. सेतो गावानं त्या काळात चिनी मातीच्या बाहुल्या, प्राणी, गल्ले जहाजं भरभरून अमेरिकेला पाठवले. त्या मालाला जपानमध्ये ‘सेतो नॉव्हेल्टी’ म्हणतात. १९८५च्या प्लाझा करारानंतर (मोठ्या देशांचा चलनांविषयीचा करार) येन वधारला, अमेरिकेत हा माल महागला आणि धंदा बसला. काम आधीच तैवानकडे सरकू लागलं होतं. मग ते चीनमध्ये गेलं, फूच्येन प्रांतातलं दहुआ आणि ग्वांगतोंगमधलं छाओचौ ही त्यातली मोठी गावं. दहुआची पांढरीशुभ्र चिनी माती शेकडो वर्षं नावाजलेली आहे. तिथल्या जुन्या भट्ट्या २०२१पासून छुएनचौ बंदराबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आहेत. सिंगापूरहून आलेले बहुतेक गल्ले याच पट्ट्यातले असतात. तळावर ‘तैवान’ असेल तर तुमचा गल्ला साधारण चीनच्या मालाची लाट येण्याआधीचा धरा.

काकांच्या रानडुकराचा तळ मात्र वेगळा बघा. तिथे कागदी किंवा सोनेरी लेबल असेल, किंवा जपानी अक्षरांचा छोटा शिक्का. सेतोच्या याकुशिगामा या छापाची राशीच्या प्राण्यांची मालिका दर वर्षी निघते आणि जपानी घरांत ती नव्या वर्षासाठी मांडली जाते. खोका आणि आतलं माहितीचं चिटोरं असेल तर ते त्याच्यापासून वेगळं करू नका.

हे झालं ओळखण्याचं. आता बुचांचं.

चिकट झालेली बुचं पीव्हीसीची असतात. त्यात लवचिकपणासाठी घातलेलं तेलकट द्रव्य वर्षानुवर्षं बाहेर येत राहतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते जास्तच सुटतं. हे बूच रंगवलेल्या भागाला टेकून राहिलं तर रंगही मऊ पडतो. काढायला स्क्रू-ड्रायव्हर खुपसू नका. भोकाची कड ग्लेझ नसलेली आणि ठिसूळ असते, टवका हमखास उडतो. कोमट पाण्यात बुडवलेलं फडकं पाच-दहा मिनिटं तळावर दाबून धरा, बूच मऊ पडलं की अंगठ्यानं एका कडेनं आत दाबा, दुसरी कड वर येते. तिला बोटानं धरून फिरवत काढा. चिकटा साबणाच्या पाण्यानं जातो. जुनं बूच फेकू नका, कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत ठेवा, कारण त्याच्यावर कधी कधी कंपनीचं नाव असतं. वापरायला नवं सिलिकॉनचं बूच घ्या. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात निमुळती बुचं मापानं मिळतात.

ज्याला बूच नाही त्याचा तळ नीट तपासा. बूच हरवलंय की मुळात भोकच नाही? भोकच नसेल तर तो फोडायचा गल्ला, आपल्या जत्रेत कुंभाराकडे मिळतो तसा. ही रीत फार जुनी आहे. चीनमध्ये प्राचीन काळापासून भाजलेल्या मातीचे असे गल्ले होते: आत जायला भोक, बाहेर यायला नाही. जावा बेटावर मजापहित साम्राज्याच्या राजधानीत, आजच्या त्रोवुलानमध्ये, रानडुकराच्या आकाराचे मातीचे गल्ले सापडलेत, आणि बहुतेक फुटलेल्याच अवस्थेत, कारण पैसे काढायचा दुसरा मार्गच नव्हता. अखंड राहिलेला एखादाच, आणि म्हणूनच तो संग्रहालयात. तुमचा न फोडता मोकळा होतो. गल्ला उलटा धरा, खाच खाली. प्लास्टिकची पातळ पट्टी, शाळेची फूटपट्टी चालते, खाचेतून आत सरकवा आणि गल्ला हलकेच तिरपा करा. नाणी पट्टीवर आडवी बसतात आणि तिच्यावरून घसरत बाहेर येतात. दहा-बारा निघेपर्यंत कंटाळा येतो, मग हात बसतो. धातूची सुरी घालू नका, खाचेच्या कडेचे टवके उडतात आणि ते दुरुस्त होत नाहीत.

नाणी आधी काढाच, कारण आतून हलणारी नाणी प्रत्येक हाताळणीत भिंतीवर आपटतात. वजनाचा अंदाज यावा म्हणून जपानचं उदाहरण घ्या. तिथे पाचशे येनची नाणी साठवून एक लाख येन करायचे गल्ले मिळतात. नाणं साधारण सात ग्रॅमचं, दोनशे नाणी म्हणजे जवळजवळ दीड किलो, आणि ते तीन-चार मिलिमीटरच्या भिंतीत. तळाला केसासारखी बारीक चीर पडते ती अशाच वजनानं. (तिकडे आता गंमत अशी झालीये, की जपान पोस्ट बँकेनं जानेवारी २०२२पासून एका मर्यादेपुढच्या नाण्यांच्या भरण्यावर शुल्क लावलं. म्हणजे गल्ला भरा, आणि रिकामा करायला बँकेत पैसे मोजा. हाँगकाँगनं २०१४पासून उलट केलं, नाणी गोळा करायला चक्क ट्रक फिरवले.) निघालेली सिंगापूरची नाणी मनी चेंजर शक्यतो घेत नाहीत, त्यांना नोटा हव्या असतात. तिकडे जाणाऱ्या नातेवाइकाच्या खिशात घाला.

आणि घरातल्या मुलांना एक सांगून ठेवा: या गल्ल्यांत आपलं दहाचं किंवा वीसचं नाणं कोंबायचं नाही. दोन्ही २७ मिलिमीटरची. सिंगापूरचं २०१३चं एक डॉलरचं नाणं २४.६५चं, अमेरिकेचं पाव डॉलर २४.२६चं. खाच त्या देशाच्या नाण्यासाठी कापलेली असते, आणि तीसुद्धा भट्टीत आटते. भाजताना माती दहा-बारा टक्के आटते, म्हणून कापणारा खाच मोठी कापतो. तो अंदाज चुकला की खाच त्याच्या स्वतःच्या देशाच्या नाण्यालाही बारीक पडते, मग आपल्या दहाच्या नाण्याचं काय! नाणं निम्मं आत जाऊन अडकतं आणि ओढताना ग्लेझ सोलून काढतं. मला खाचेची कड कशी आहे हे भावाच्या दृष्टीनं चेहऱ्यावरच्या रंगाइतकंच महत्त्वाचं वाटतं. वापरलेला गल्ला तिथेच ओळखू येतो.

स्थिती तपासायला कान वापरा. गल्ला रिकामा करून तळहातावर ठेवा आणि बोटाच्या पेरानं हलकेच वाजवा. अखंड असेल तर खणखणतो. चीर असेल तर बद्द वाजतो. प्रत्येक बाजूनं वाजवून बघा. मग अंधाऱ्या खोलीत नोटा तपासायचा जांभळा टॉर्च फिरवा. जुनं ग्लेझ एकसारखं दिसतं. गोंद, पुटी किंवा नंतर मारलेला रंग निराळ्या उजेडात चमकतो. कान आणि शेपटी इथे सगळ्यात आधी बघा, तीच तुटतात. शेवटी ओला कापसाचा बोळा तळाजवळच्या रंगावर हळूच फिरवा. रंग बोळ्यावर आला तर तो भट्टीत न भाजता नुसता वरून लावलेला आहे. अशा गल्ल्याला पाणी लावू नका, कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झाडा. सोनेरी काम कधीच घासू नका, सोडा-लिंबू तर नाहीच. आणि हे गल्ले लहान मुलांनी तोंडात घालायचे नाहीत, त्यात काही खायचं ठेवायचं नाही. जुन्या चकचकीत रंगांत शिसं असू शकतं.

आता ड्रॅगन. तुमचा खरा प्रश्न हाच होता हे मला कळतंय.

एकाच बँकेनं किंवा एकाच कारखान्यानं दर वर्षी एक असा बारा वर्षं काढलेला संच, त्यात बारा जणांची उंची, ग्लेझचा पांढरेपणा, खाचेची जागा, डोळ्यांची रेघ एकमेकांशी जुळते. बारा वर्षांत साचे झिजतात, पुरवठादार बदलतात, बँका विकल्या जातात. तरीही जो संच तसाच उतरला, तो जमवणाऱ्यांना हवा असतो, कारण तो जमवायला कुणाला तरी बारा वर्षं रांगेत उभं राहावं लागलंय. एकाच खोक्यात एकदम बारा मिळणारा संच ही पर्यटकांची वस्तू. दिसायला छान, पण त्यात बारा वर्षं नाहीत. आणि इथून उंदीर, तिथून कोंबडा, ऑनलाइन ड्रॅगन असा जुळवलेला संच या दोन्हींत बसत नाही. मोजायला बारा भरतात, एवढंच.

म्हणून काकांचे सात आधी एकमेकांशी ताडून बघा. समजा उंदीर, वाघ, ससा आणि कुत्रा यांचे तळ एकाच शिक्क्याचे निघाले, तर तुमचा संच चौघांचा आहे, आणि त्या शिक्क्याचेच उरलेले आठ शोधण्यात अर्थ आहे. कुणाही दोघांचं जुळत नसेल तर संचाचा नाद सोडा. सात वेगवेगळी माणसं म्हणून त्यांना शेल्फवर ठेवा, मजेत दिसतात.

ड्रॅगनबद्दल लोकांचा गैरसमज असा, की तो दुर्मीळ. खरं तर उलट आहे. ड्रॅगन सर्वांत शुभ मानला जातो, म्हणून त्या वर्षी माल सर्वांत जास्त काढतात. २००० आणि २०१२ला तो भरपूर निघाला, २०२४ला तर विचारूच नका. त्यामुळे मागणी मोठी आणि पुरवठाही मोठा. डुक्कर तर गल्ला म्हणून दर वर्षीच बनतं, त्याचं राशीचं वर्ष वेगळं काढणंच अवघड. माझ्या पाहण्यात साप आणि उंदीर कमी येतात. सापाला पोट नसतं! नाणी कुठे ठेवणार? मग साच्याचं काम करणारे त्याला वेटोळं घालायला लावतात, किंवा सोन्याच्या लगडीभोवती गुंडाळतात आणि लगडीत खाच पाडतात. ते वेटोळं साच्यातून अखंड सोडवणं किचकट, आतल्या वळणात स्लिप अडकून राहते आणि भिंत तिथे जाड होते. म्हणून चांगला साप हातात आला की मी दोनदा बघते. ड्रॅगनला मिशा आणि शिंगं असतात, ती पहिल्या सफाईतच तुटतात. विकणारा फोटो नेमका समोरून देतो. मिशा मोजून घ्या.

भावाबद्दल खरं सांगायचं तर भारतात याला गिऱ्हाईक जवळपास नाही. नाशिकच्या भांडारात कुणी घेईल तर शोभेच्या मांजराच्या भावात घेईल. खरे जमवणारे सिंगापूर, हाँगकाँग, तैवान, जपानमध्ये, आणि कॅलिफोर्निया-कॅनडातल्या चिनी वस्त्यांत. तिकडच्या कॅरोसेल, मर्कारी, इबेसारख्या ऑनलाइन बाजारांत बघताना एकच नियम: मागितलेली किंमत वाचू नका, विकली गेलेली किंमत वाचा. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक असतो. त्यातून पाठवणीचा खर्च आणि फुटण्याचा धोका वजा करा. साधा, खोका नसलेला, बँकेचं नाव नसलेला गल्ला विकून हाती फारसं येत नाही. बँकेचं नाव, मूळ खोका, मूळ बूच आणि न खरचटलेली खाच, या चार गोष्टी एकत्र असतील तरच परदेशी पाठवायचा खटाटोप करा. नऊंत असे एक-दोन निघतील, फार तर. तिकडे मित्र असेल तर त्याच्यामार्फत, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर हातातल्या सामानातून पाठवा.

ठेवायचे असतील तर वर्तमानपत्रातून आधी बाहेर काढा, शाई ग्लेझ नसलेल्या तळात मुरते. धुतलेल्या मलमलीत गुंडाळा. कागदी खोके पावसाळ्यात बुरशी धरतात आणि आतल्या चिकटवलेल्या रेशमी अस्तराला कसर लागते, म्हणून जून लागायच्या आधी सिलिका जेलच्या पुड्या बदला. डांबराच्या गोळ्या टाकू नका. त्यांच्या वाफेनं थर्माकोलचा साचा मऊ पडतो आणि गल्ल्याला चिकटतो. शेल्फवर ठेवायचे तर तळाखाली पारदर्शक म्युझियम वॅक्सचा शेंगदाण्याएवढा गोळा लावा, दार आपटलं तरी वाघ जागचा हलत नाही.

आणि एखादा फुटलाच तर तुकडे एकमेकांना लावून बघत बसू नका, कडा घासल्या की जोड बसत नाही. चुरासकट सगळं कागदात गुंडाळा. घरचा झटपट गोंद लावला की दुरुस्तीवाल्याला आधी तो काढण्यातच वेळ जातो. आम्ही शक्यतो असा चिकट पदार्थ वापरतो जो पुढे कधी सोडवायचा झाला तर ॲसिटोननं विरघळतो.

फोटो पाठवायचे असतील तर प्रत्येकाचे चार काढा: तळ, खाच वरून, बूच दोन्ही बाजूंनी, आणि खोक्याची बारीक छपाई असलेली बाजू. चेहऱ्याचा नसला तरी चालेल.